घटाच्या दिव्यावरून पेटवलेली शेगडी

उंद्री,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सोजराबाई यांस,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं दिवाळीनंतरचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढे लिहिते. कानाच्या मशीनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी हर्षलला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, मशीन शिट्टी मारते म्हणून आत्या ती डब्यात ठेवून देते, म्हणजे आता डब्याला चांगलं ऐकू येत असेल. नाशिकला नोकरी लागल्यापासून त्याची जीभ फार चालते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचणं आवडत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. तुमच्यामुळे माझं अक्षर सुधारलं, एवढा फायदा झाला.

कोंबड्यांच्या शेडमध्ये नवी पिल्लं आली आहेत. थंडी यंदा लवकर पडली, त्यामुळे चारी बाजूंनी पोती सोडून शेड बंद ठेवावं लागतं आणि गॅसच्या शेगड्या सतत चालू. तुम्ही मागे आलात तेव्हा पाहिल्या होत्या, पत्र्याच्या छत्रीसारख्या वरून टांगलेल्या, त्याच. मोठा जाळ थंडीप्रमाणे पेटतो-विझतो, पण त्याच्या पोटात एक बारीक निळी ज्योत कायम जळत असते आणि तिच्यावरून मोठा जाळ पेट घेतो. मेकॅनिक तिला पायलट म्हणतो. तुमचे बंधू तिला देवीची ज्योत म्हणतात. घटस्थापनेच्या दिव्यावरून ती पेटवायची आणि होळीपर्यंत विझू द्यायची नाही, हा त्यांचा नेम तुम्हाला माहीत आहेच.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन शेडकडे गेले तर दारातच गॅसचा भपकारा आला. दाराजवळच्या शेगडीची ज्योत विझली होती आणि गॅस सुटून तिथेच जमिनीशी साचला होता; बाकीच्या शेगड्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. तेवढ्यात अंगणातून हे आले. हातात देवघरातलं निरांजन, पेटलेलं, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून वरून तळव्याचा आडोसा. ज्योत विझलेली त्यांनी पाहिली होती आणि देवाच्या दिव्यावरूनच ती परत पेटवायची म्हणून ते घरात जाऊन आले होते. मी हातातला चहा खाली टाकून दिला आणि ते दारात पोचायच्या आत निरांजन फुंकून विझवलं. देवाचा दिवा तोंडाने फुंकला म्हणून हे केवढ्याने ओरडले! मी म्हणाले, वास येत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, कायचा वास, मले तर काही येऊन नाही राह्यला.

बाई, त्यांना खरंच येत नाही. कोरोनात गेलेला वास परत आलाच नाही, हे मला त्या दारात कळलं. आम्ही पोती वर केली, वारं खेळू दिलं, काही पिल्लं गेली. आम्ही वाचलो. चिखलीचा मुजम्मिल मेकॅनिक येऊन गेला. तो म्हणतो की या शेगड्या जुन्या झाल्या, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारा भाग यांत धड राहिलेला नाही. त्यापेक्षा पायलट काढून ठिणगीवर पेटणारं नवं यंत्र बसवा. थंडी वाढली की ठिणगी पडते, जाळ होतो, काम झालं की सगळं बंद. कायमची ज्योत नकोच. पण हे ऐकत नाहीत. देवीची ज्योत विझवणार नाही, एवढं एकच वाक्य.

ते तुमच्याखेरीज कोणाचं ऐकत नाहीत. तुम्ही चार शब्द लिहा. आणि दिवा फुंकल्याचा मला काही दोष लागत असेल तर तेही कळवा.

थोरल्या आहात, हक्काने मागते आहे, नाही म्हणू नये.

आपली,
आशा

.

सुलतानपूर,
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. आशास,
सोजराबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना चष्मा खाली पडला. चष्मा शाबूत आहे.

तुला दोष लागत नाही. अंगणवाडीत मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की वाढदिवसाला मेणबत्ती फुंकू नये, आपल्यात दिवा विझवत नाहीत. ते सगळं मी तुझ्यापुरतं मागे घेते. मी असते तर फुंकण्यात वेळ घालवला नसता, निरांजन त्याच्या हातून पाडून वर पाय दिला असता.

राहिला प्रश्न त्याच्या देवीच्या ज्योतीचा. हा नेम आला कुठून ते तुला सांगते. आमची आई चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकणीने फुलवायची. आळीतल्या बायका आमच्याकडून विस्तव न्यायच्या आणि आईला त्याचा तोरा होता. शेषा लहान होता, त्याला वाटलं हे काही तरी धर्माचं आहे. आई विस्तव राखायची कारण घरात बऱ्याचदा काडेपेटी नसायची. एवढंच. पुढे कोंबड्या आल्या, गॅस आला, तर यानं आईचा विस्तव त्या शेगडीत नेऊन ठेवला आणि वर नवरात्र चिकटवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही याने जळत ठेवलाय.

सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे, ती त्याच्या हातात दे. त्याने वाचली की नाही ते बघायला तिथेच उभी राहा. तो पत्र खिशात घालून विसरण्यात पटाईत आहे.

मी बरी आहे. तू दर वेळी विचारतेस म्हणून लिहिते, उंद्रीला कायमची येण्याचा विचार नाही. माझं घर आहे, दारात कढीपत्ता आहे, मला करमतं.

पोरी, जपून राहा. आणि मी तुला बोलते तसं तूही मला कधी बोलत जा.

तुझी,
सोजराबाई

(सोबतची चिठ्ठी)

चि. शेषरावास, अनेक आशीर्वाद.

घरात थोरली म्हणून मी असा निकाल देते की घटाच्या दिव्यावरून पेटवलेली ज्योत हात जोडून शांत करायला काही हरकत नाही. घटसुद्धा दसऱ्याला उठवतातच, देवी रागावत नाही. नेम मोडल्याचं जे काही पाप असेल ते माझ्या नावावर घे. माझ्या नावावर बरंच आहे, त्यात हे खपून जाईल. मुजम्मिलला बोलाव आणि नवं यंत्र बसव. माझं ऐकायचं नसेल तर तसं लिहून कळव, तोंडी निरोप मला चालत नाहीत.

सोजराबाई

.

उंद्री,
६ डिसेंबर २०२४

ती. सोजराबाई यांस,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी हातात दिली आणि समोर उभी राहिले. त्यांनी वाचली. घडी केली, खिशात घातली, जेवायला वाढ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुजम्मिल सामान घेऊन आला तर त्याला अंगणातूनच परत पाठवलं. मुजम्मिल मला हळूच म्हणाला की काकू, काकांना मशीनचा राग नाही, दुसरंच काही तरी आहे. मला तर काही उमगत नाही. तुमचा निकालही चालला नाही म्हणजे हद्द झाली.

ते दिवसभर शेडमध्येच असतात. त्या निळ्या ज्योतीसमोर खाट टाकून बसतात आणि पापणी न लववता तिच्याकडे बघतात. मी दिवसातून कितीदा तरी दाराशी जाऊन वास घेते. परवा शेजारच्या धम्मशीलाने पाहिलं आणि विचारलं की काऊन वो वहिनी, काय हुंगून राह्यल्या? मी म्हणाले, कोंबड्यांना रोग आला का बघते. दुसरं काय सांगणार?

हर्षलला फोनवर सगळं सांगावं असं मनात येतं. पण सांगितलं तर तो म्हणेल की शेड विका आणि नाशिकला चला, आणि हे म्हणतील की तुझ्यामुळे झालं.

बाई, मला भीती वाटते. भाजी निवडते आणि हात थांबतो, कानोसा घेते, की तिकडे काही झालं का. त्यांना रागावते पण आतून मला रडायला येतं. पिल्लं मोठी होऊन महिनाअखेरीस विक्रीला जातील, मग नवी येईपर्यंत शेड रिकामं राहील. यंत्र बसवायचं तर तेव्हाच. त्यानंतरची थंडी मला या ज्योतीबरोबर काढवणार नाही.

मोठ्या मनाने वाचावं आणि काही सुचलं तर कळवावं.

आपली,
आशा

.

उंद्री,
१२ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
शेषाचा सा. न. वि. वि.

तू लिहून मागतलं म्हणून लिहून राह्यलो. शाळेत असताना माह्या निबंधावर तू लाल शाई मारत होती, आता मारू नको. बोलतो तसं लिहितो.

तुह्या निकाल वाचला. हर्षलच्या मायले तू जे लिहिलं तेही वाचलं, पण आईच्या विस्तवाचं मलेही माहीत होतं. मी काही एवढा भोळा नाही. पण देवाचं नाव घेतलं का पुढे कोणी विचारत नाही, म्हणून घेतलं.

खरं असं आहे. कोरोनातून उठलो तवा वाटलं, वास येईल हळूहळू. नाही आला. पहिले काही वाटलं नाही. जेवणात मजा गेली, एवढंच. मग एक दिवस दूध करपून भांडं काळं झालं, मी बाजूले पेपर वाचत होतो, मले पत्ता नाही. हर्षलची माय बाहेरून आली तवा तिनं बंद केलं. मी म्हटलं, डोळा लागला होता. तवापासून असंच काहीतरी सांगत आलो. ती डोक्याले चमेलीचं तेल लावत होती. घरात कुठून कुठं गेली ते मले न पाहता समजत होतं. आता ती जवळून गेली तरी मान वर केल्याशिवाय समजत नाही. हे कोणाले सांगावं?

शेडात ती निळी ज्योत आहे ना, तेवढीच एक गोष्ट मले दिसते. जळून राह्यली, म्हणजे सगळं ठीक. विझली, म्हणजे काहीतरी झालं. नाक गेलं तर डोळ्यानं राखण करतो. नव्या यंत्रात ज्योतच नाही. टकटक करते, पेटते, परत विझते. विझली ते बरोबर विझली का गॅस सोडून विझली, हे मी कायच्यावरून ओळखू? मुजम्मिल म्हणते, काका भरोसा ठेवा. भरोसा ठेवाले नाक लागते.

आणि त्या गुरुवारचं. ज्योत विझली हे मले दिसलं होतं. पण गॅस दिसत नाही, बाई. दोन्ही हातांनी देवाचा दिवा सांभाळत मी तिकडं चाललो होतो. हर्षलच्या मायनं फुंकलं नसतं तर ती दारातच होती. तीही गेली असती. तिच्यावर मी ओरडलो, कारण मले त्या घडीले सगळं समजलं होतं आणि लाज वाटली होती. तिले हे अजून बोललो नाही.

हर्षलले सांगू नको. तो मले नाशिकच्या खोलीत नेऊन बसवीन. तिथं मी काय करू?

तुले लिहिलं, आता हलकं वाटते. माया होती तशीच ठेवजो.

तुह्या,
शेषा

.

सुलतानपूर,
१९ डिसेंबर २०२४

चि. शेषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाल शाई मारली नाही. मारावी असं काही नव्हतं.

मी तुझ्यावर हसले होते, ते मागे घेते. आता तू एक सांगितलंस तर मीही सांगते. माझं घराचं दार दिवसभर उघडं असतं. गावाला वाटतं, सोजराबाई मोकळ्या मनाच्या. खरं कारण असं की कोणी कडी वाजवली तर मला ऐकू येत नाही, आणि कोणी तरी येऊन परत गेलं असेल या विचाराने मला दिवस काढवत नाही. मी हसतमुख आहे असंही लोक म्हणतात. समोरचा काय बोलला ते कळलं नाही की मी हसते, म्हणून. गेल्या वर्षी एका मयताला गेले होते, तिथे त्या घरची सून मला काही तरी सांगत होती आणि मी हसले. तिचं तोंड मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी मयताला जात नाही. गावात आता म्हणतात की सोजराबाईंना गर्व झाला. म्हणू देत. बहिरी म्हणून कीव करण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणून नावं ठेवलेली मला बरी वाटली. आपण दोघं एकाच आईची, हे यावरून कळतं.

म्हणून तुझी भीती मला कळते. आंधळेपण नुसतं अंधाराचं असतं. आपलं तसं नाही. आपल्याला सगळं ठीकच वाटत राहतं, आणि नेमकं त्याचंच भय आहे.

पण शेषा, तुझा हिशेब चुकतो आहे. डोळ्याने नाकाचं काम होत नाही, ते तुला त्या गुरुवारी कळलंय, तूच लिहिलं आहेस. ज्योतीकडे बघत बसल्याने तू शेड राखत नाहीस, नुसतं भय राखतो आहेस. मला ऐकू येत नाही म्हणून दाराला बेलऐवजी दिवा लावायचा हे मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही, कारण मला माझं दार उघडं ठेवण्याची खोड लागली होती. तुझे कान अजून शाबूत आहेत. गॅस सुटला की जोरात ओरडणारं यंत्र मिळतं असं आमच्या बसस्टँडवरचा गॅसवाला मला कागदावर लिहून सांगत होता. मला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुला आहे. नाकाचं काम कानाकडे दे.

तरी भरोसा बसणार नाही, हे मी जाणते. तर असं करू. यंत्र बसव, आणि नवी पिल्लं येतील तेव्हा मी येते. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसेन. माझं नाक तीन घरांपलीकडची मेथीची फोडणी ओळखतं. जोपर्यंत तुझा जीव यंत्रावर ठरत नाही तोपर्यंत मी हुंगते. कामाशिवाय कोणाच्या घरी जाऊन राहायची मला सवय नाही, भावाच्याही नाही. लोकांच्या बोलण्यात मध्ये बसून हसत राहायचं, ते माझ्याने होत नाही. पण हे काम आहे, तेव्हा येईन. काम संपलं की परत.

आशाला तू स्वतः सांग. सगळं सांग, तेलाचंसुद्धा. मी सांगणार नाही.

रागावू नकोस, आणि रागावलास तर तसं लिही.

तुझी,
बाई

.

उंद्री,
१९ जानेवारी २०२५

ती. बाईस,
शेषाचा सा. न. वि. वि.

मागची पिल्लं गेली, शेड धुऊन चुना मारला. मग मी आणि हर्षलच्या मायनं शेगडीसमोर हात जोडले आणि मी माह्या हातानं खटका फिरवला. ज्योत गेली. मले वाटलं होतं काही तरी होईन. काही झालं नाही. ती म्हणाली, चला, हात धुवा, भाकरी थंड होऊन राह्यली.

तिले सगळं सांगतलं. नाकाचं सांगतलं, त्या गुरुवारचं सांगतलं, माफी मागतली. चमेलीच्या तेलाचंही सांगतलं. ती म्हणे, ते तेल तर मी कधीचंच सोडलं, तुम्हाले आवडत नाही असं वाटलं, तुम्ही त्याच्याबद्दल काही बोलतच नव्हते म्हणून. बाई, आम्ही दोघं एवढे हसलो का धम्मशीला पाह्यला आली. हसता हसता हर्षलच्या मायच्या डोळ्यातून पाणी आलं. माह्याही आलं.

मुजम्मिलनं दोन दिवस लावून सगळ्या शेगड्यांले यंत्र बसवलं. थंडी वाढली का टकटक होते, जाळ लागते, गरम झालं का बंद. लाइट गेली तर खाली बॅटरी आहे. मी त्याले म्हटलं, मले नुसतं सांगू नको, दाखव. त्यानं सिलिंडर बंद करून यंत्र चालू केलं. ठिणगी पडली, जाळ लागला नाही, परत पडली, परत नाही, मग यंत्रानं स्वतःच खटका बंद केला आणि लाल दिवा लावला. तो दिवा मले खाटेवरून दिसते. ओरडणारं यंत्र हर्षलनं नाशिकहून पाठवलं. त्यालेही मीच फोन करून सांगतलं. नाशिकले चला म्हणाला, मी नाही म्हटलं, तं दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र पाठवलं. गॅस जमिनीशी बसते म्हणून ते खाली लावलं. मुजम्मिलनं त्याच्यासमोर लायटर दाबून नुसता गॅस सोडला तर असं बोंबललं का धम्मशीलाचं कुत्रं शेतात पळून गेलं.

बुधवारी नवी पिल्लं आली. मी ज्योतीकडं पाहत बसायचो, आता पिल्लांकडं पाहतो. थंडी वाजली का शेगडीखाली गोळा होतात, गरम झालं का कडेले सरकतात, बरोबर असलं का सगळीकडे सारखी पसरतात. एवढी वर्षं पिल्लं पाळली, पण एवढं निवांत पाह्यलं नव्हतं. काल दुपारी शेडातच मले झोप लागली. उठलो तं पिल्लं सारखी पसरलेली होती आणि लाल दिवा बंद होता.

तवा बाई, खोटं कायले लिहू. तू नाक म्हणून येणार होती, ते काम आता राह्यलं नाही. यंत्राचं नाक तुह्या नाकापेक्षा चांगलं आहे. दारात खुर्ची टाकाची गरज नाही.

हर्षलची खोली झाडून ठेवली आहे. तिथं बेल नाही, दिवा लावला आहे, मुजम्मिलनंच जोडून दिला. कोणी बटण दाबलं का आत पेटते. बोलणं समजलं नाही तर आम्ही लिहून दाखवू, नाहीतर तू हसजो, आम्हीही हसू. किती दिवस राहशीन ते विचारत नाही.

लोभाचं वेगळं काय लिहू. या वेळी बिनकामाची ये.

तुह्या,
शेषा